वापरलेले लाकडी जेवणाचे टेबल निवडताना : नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षे नातेवाईक आणि परिचित जुने टेबल पाहायला निघाले की मला सोबत नेतात, आणि दर वेळी साधारण तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. ती कुटुंबाच्या रोजच्या वापरासाठी टेबल शोधणाऱ्यांसाठी आहेत. दिवाणखान्यात शोभेसाठी जुनी वस्तू ठेवू इच्छिणाऱ्यांचे निकष वेगळे असतात.

नवे टेबल सहज मिळत असताना वापरलेले घेण्यात फायदा काय?

पहिला फायदा असा की लाकडाला जे काही करायचे असते ते त्याने करून झालेले असते. नव्या लाकडात ओल शिल्लक राहिली असेल तर ते वाकणार की तडकणार, हे वर्षभरानंतर कळते. तीस वर्षे वापरलेले टेबल आजही सरळ उभे असेल, तर त्या परीक्षेचा निकाल आपल्यासमोर असतो. दुसरा फायदा दुरुस्तीचा आहे. एक इंच जाडीच्या भरीव टॉपवर रंधा अनेकदा मारता येतो, परंतु एमडीएफवर, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीवर, चिकटवलेल्या विनिअरचा (लाकडाच्या पातळ पापुद्र्याचा) थर बहुधा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो आणि एकदा जोरात घासला की खालचा भुसा दिसू लागतो.

तिसरा फायदा घरात लहान मुले असणाऱ्यांना लगेच पटतो. ज्या टेबलावर आधीच शंभर ओरखडे आहेत, त्यावर कंपासच्या टोकाने एकशे एकावा पडला तर कोणाचेही जेवण कडू होत नाही. आमच्याकडे नवे, चकचकीत टेबल होते तेव्हा त्यावर अभ्यास करायला मुलांना बंदी होती. जुने आल्यापासून गणित, चित्रकला आणि दिवाळीचा फराळ हे सारे त्याच्यावरच होते.

नाशिकमध्ये अशी टेबले येतात कोठून?

जुने नाशिक आणि पंचवटीतील वाडे उतरवले जातात तेव्हा त्यांतील सामान बाजारात येते, देवळाली कॅम्पातील जुने बंगले रिकामे होतात, आणि बदलीवर जाणारी लष्करी किंवा सरकारी नोकरीतील कुटुंबे जड सामान विकून जातात. यांपैकी शेवटच्या प्रकाराकडे लोकांचे दुर्लक्ष होते, पण माझ्या अनुभवात चांगली टेबले तेथेच मिळाली, कारण विकणाऱ्याला टेबलाचा इतिहास ठाऊक असतो आणि तो सांगण्यात त्याला संकोच नसतो.

‘वाड्यातले शंभर वर्षांचे डायनिंग टेबल’ असे कोणी सांगितले, तर मात्र थोडे थांबावे. त्या काळच्या वाड्यांत जेवण पाटावर, पंगतीत आणि सोवळ्यात होत असे. सहा माणसांच्या टेबलाला तेथे जागाही नव्हती आणि कामही नव्हते. असे टेबल एक तर पेढीवरचे किंवा कचेरीतले असते, नाहीतर वाड्याच्या तुळयांपासून अलीकडे बनवलेले असते. यात वाईट काहीच नाही, मात्र वयाचे पैसे मोजू नयेत. कचेरीतल्या टेबलाला खण असतात, ते मांडीला लागतात आणि जेवताना माणूस तिरका बसतो. देवळालीच्या इंग्रज आणि पारशी वळणाच्या बंगल्यांत मात्र खरोखर जेवणासाठीच घडवलेली टेबले होती, आणि ती क्वचित हाती लागतात.

लाकूड कोणते आहे, हे कसे ओळखावे?

सर्वांत आधी लाकूड भरीव आहे की वरून चिकटवलेले, हे पाहावे. त्यासाठी टॉपची कड पुरेशी असते. वरच्या पृष्ठभागावरील रेषा कडेपर्यंत येऊन टोकाच्या छेदात वर्तुळांच्या तुकड्यांसारख्या उतरत असतील, तर लाकूड भरीव आहे. कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली असेल आणि तिच्या रेषा वरच्या रेषांशी जुळत नसतील, तर आत काय आहे हे विचारावे.

साग आपल्याकडे सर्वांत जास्त आढळतो. सुरगाणा आणि पेठच्या रानांपासून पलीकडच्या डांगपर्यंत सागच आहे. जुना साग सोनेरी तपकिरी दिसतो, हाताला किंचित तेलकट लागतो, आणि टॉपच्या खालच्या बाजूला नखाएवढी जागा घासली तर कातड्यासारखा वास येतो. नैसर्गिक तेलामुळे सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, परंतु झाडाच्या सालीलगतच्या पांढरट लाकडाला हे संरक्षण नसते. म्हणून ‘सागाला कीड लागतच नाही’ हे वाक्य अर्धेच खरे आहे.

शिसव आणि शिसम यांची दुकानांत सर्रास सरमिसळ होते. आपल्या सह्याद्रीतील शिसव गडद, जांभळट तपकिरी आणि वजनदार असते, तर राजस्थानातून तयार होऊन येणारे शिसम फिकट तपकिरी असून त्यात काळपट रेषा असतात. दोन्ही टिकाऊ आहेत, फक्त एकाच्या भावात दुसरे घेऊ नये. बाभूळ कठीण आणि टिकाऊ असते. आंब्याचे लाकूड दिसायला सुंदर असले तरी त्याला कीड लवकर लागते, म्हणून ते घ्यायचे असल्यास खालची तपासणी दुप्पट काळजीने करावी. रबरवूड फिकट असते आणि कोरड्या घरात ठीक चालते, परंतु सतत ओल लागणाऱ्या जागी ते ठेवू नये.

पाहायला गेल्यावर नेमके काय तपासावे?

टेबल वरून पाहू नये, खालून पाहावे, हे माझे ठाम मत आहे. वरची झीज ही वापराची खूण असते आणि ती सुधारता येते. टेबल मोडते ते सांध्यात आणि पायांत. दुकानदाराला विचित्र वाटले तरी मोबाईलचा टॉर्च लावून सरळ जमिनीवर बसावे आणि टेबलाखाली डोके घालावे.

तेथे पहिल्यांदा पाय आणि टॉपखालच्या आडव्या पट्ट्या यांचे सांधे पाहावेत. पट्टीचे टोक जिभेसारखे कोरून पायाच्या खाचेत बसवलेले असेल आणि त्यातून लाकडी खुंटी आरपार गेलेली दिसत असेल, तर सुताराने मन लावून काम केले आहे. नुसत्या खिळ्यांनी ठोकलेला सांधा काही वर्षांत सैल होतोच. अनेकदा प्रत्येक सांध्याजवळ पेन्सिलने काढलेल्या एक, दोन, तीन अशा रेघा किंवा फुल्या दिसतात. कोणता पाय कोणत्या कोपऱ्याचा, हे लक्षात राहावे म्हणून सुताराने केलेल्या त्या खुणा असतात. त्या आजही जुळत असतील, तर टेबल पुन्हा कोणी उलटसुलट जोडलेले नाही असे समजावे.

नंतर टॉप खालच्या चौकटीला कसा धरला आहे ते पाहावे. नाशिकमध्ये मे महिन्यात पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि हवा कोरडी असते. जूननंतर चार महिने हवेत ओल असते. या चक्रात तीन फूट रुंदीचा टॉप आडव्या दिशेने काही मिलिमीटर आकसतो आणि फुगतो. त्याला हलायला वाव मिळावा म्हणून जाणकार सुतार लांबट भोकांतून स्क्रू घालतो किंवा खाचेत सरकणाऱ्या लहान ठोकळ्यांनी टॉप धरतो. चारही बाजूंनी घट्ट स्क्रू मारलेला टॉप आज ना उद्या मधोमध तडकतो.

कडेच्या खालच्या बाजूवरून बोटे फिरवावीत. आमच्या टेबलाच्या एका कडेखाली नाण्याएवढे तीन गोल ठसे आहेत आणि त्यांच्या बरोबर वर पृष्ठभाग किंचित दबलेला आहे. शेवयांचे यंत्र स्क्रूने आवळून जेथे लावले जात असे, ती ही जागा. असे ठसे दिसले की टेबल खरोखर स्वयंपाकघराजवळ नांदले आहे, हे कागदपत्रांवाचून कळते.

शेवटी टॉपच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांवर हात ठेवून आलटून पालटून दाबावे. डगडग जाणवली तर लगेच सोडून देऊ नये, कारण दुकानातील फरशीच वर-खाली असू शकते. टेबल सरकवून पुन्हा दाबावे. त्यानंतर एक बाजू धरून आडवे हलवावे. दाबल्यावर डुलणारा पाय घासून सारखा करता येतो, आडवे हलवल्यावर कुरकुरणारा सांधा मात्र उघडून नव्याने चिकटवावा लागतो. सरसाने जोडलेला जुना सांधा उष्णतेने आणि ओलीने उघडतो, म्हणून ही दुरुस्ती होण्यासारखी असते. तेवढे जुने सरस पूर्ण खरवडून काढण्याचा आग्रह सुताराकडे धरावा, कारण त्यावर नवा पांढरा गम धरत नाही.

एका विक्रेत्याने मला दाखवलेल्या टेबलाच्या पायातील उभी चीर गडद मेणाने इतकी सफाईने भरली होती की ती पॉलिशच वाटत होती. टॉर्च तिरपा धरल्यावर चकाकीतला फरक दिसला. तेव्हापासून मी उजेड नेहमी तिरपा टाकतो.

बारीक छिद्रे दिसली तर टेबल नाकारावे का?

छिद्र जुने आहे की ताजे, यावर ते अवलंबून आहे. जुन्या छिद्राचा आतला भाग काळपट असतो आणि त्यातून काही पडत नाही. ताज्या छिद्राची कड फिकट असते आणि टेबल हलवल्यावर त्यातून पिठासारखा बारीक भुसा खाली येतो. शंका असल्यास टेबलाखाली काळा कागद अंथरून आठवडाभर ठेवण्याची परवानगी मागावी. मातीच्या नळ्या किंवा आतून पोकळ वाजणारा पाय ही वाळवीची लक्षणे आहेत. असे टेबल फुकट मिळाले तरी घरात आणू नये, कारण प्रश्न केवळ टेबलाचा राहत नाही, दारे आणि चौकटीही धोक्यात येतात.

छिद्रांत रॉकेल सोडण्याचा उपाय अजूनही सुचवला जातो. जेवणाच्या टेबलासाठी तो मला मान्य नाही; वास महिनोन्‌महिने जात नाही. पॉलिश उतरवलेल्या लाकडाला बोरिक पावडर आणि बोरॅक्स यांचे पाण्यातील द्रावण लावून, ते वाळल्यावर वरून पॉलिशचा थर देणे हा अधिक समंजस मार्ग आहे.

पुराच्या पाण्यात उभे राहिलेले टेबल ओळखता येते का?

बहुतेक वेळा येते. गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला की पाणी नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कोठपर्यंत चढले हे नाशिककर विचारतात, आणि २००८ सारख्या पुरांत नदीकाठच्या घरांतील व दुकानांतील सामान बुडालेले आहे. अशा टेबलाच्या चारही पायांवर एकाच उंचीवर काळसर आडवी रेघ राहते, तळाशी लाकडाचे पदर सुटलेले दिसतात आणि स्क्रूंच्या माथ्यांवर गंज असतो. भरीव सागाचे पाय यातून निभावतात. प्लायवूडचे किंवा एमडीएफचे काहीही त्यात असेल तर घेऊ नये.

आमच्या कुटुंबाला केवढे टेबल पुरेल?

जेवताना एका माणसाला साधारण दोन फूट रुंदी लागते. त्या हिशेबाने चौघांना चार फूट बाय अडीच फूट आणि सहा जणांना पाच ते सहा फूट बाय तीन फूट टेबल लागते. उंची अडीच फूट, म्हणजे ७५ सेंटिमीटर, आणि खुर्चीची बैठक ४५ सेंटिमीटर असावी. जमिनीपासून आडव्या पट्टीच्या खालच्या कडेपर्यंत किमान दोन फूट मोकळे असल्याची खात्री करावी. खुर्ची मागे सरकवून उठण्यासाठी भिंतीपर्यंत तीन फूट जागा हवी. फ्लॅटमध्ये तेवढी नसेल तर एका बाजूला बाक ठेवावा, कारण तो टेबलाखाली पूर्ण सरकतो आणि त्यावर दोनच्या जागी तीन मुले मावतात.

मात्र पाहुण्यांच्या संख्येवरून टेबल ठरवू नये. सणाला पंधरा माणसे जमली की आपण तशीही सतरंजी अंथरून खाली पंगत मांडतो.

टेबल घरात शिरेल का, हे आधी कसे कळणार?

दार, जिन्याचे वळण आणि लिफ्ट या तिन्हींची मापे टेपने घेऊन मगच व्यवहार करावा. आमच्या मेहुण्यांचे टेबल दुसऱ्या मजल्याच्या वळणावर असे अडकले की खालच्या बिऱ्हाडाला दोन तास घराबाहेर पडता आले नाही. पाय बोल्टने जोडलेले असतील तर प्रश्न मिटतो. खुंट्यांनी पक्के केलेले पाय केवळ जिन्यासाठी काढू नयेत.

वाड्याच्या तुळयांपासून नवे टेबल करून घेणे योग्य ठरेल का?

लाकूड म्हणून याहून चांगले काही मिळणार नाही, कारण ते कित्येक दशके छपराखाली मुरलेले असते. अडचण खिळ्यांची आहे. तुळईत आत मोडून राहिलेला एक खिळाही रंधा मशीनचे पाते खराब करतो, म्हणून अनेक कारखानदार असे लाकूड घ्यायला नाखूश असतात किंवा पात्याची भरपाई मागतात. तुळई आणण्यापूर्वी तिच्यावरून चांगले लोहचुंबक फिरवून प्रत्येक खिळ्याजवळ खडूने खूण करावी. भिंतीत रुतलेली टोके बहुधा ओलीने कुजलेली असतात. तेवढा भाग कापून उरलेली लांबीच हिशेबात धरावी.

हळदीचे, तव्याचे आणि गरम भांड्याचे डाग निघतात का?

हे तीन डाग स्वभावाने वेगळे आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. हळदीचा डाग साबणाने घासला तर तो लालसर होऊन आणखी उठून दिसतो, कारण साबणातील क्षारामुळे हळदीचा रंग बदलतो. तो ओल्या फडक्याने पुसून टेबल काही दिवस खिडकीच्या उन्हात ठेवले की आपोआप फिकटतो.

ओल्या लोखंडी तव्याखाली किंवा कढईखाली उमटलेले काळेनिळे वर्तुळ हे लोखंड आणि लाकडातील टॅनिन यांच्या संयोगाने होते. ते लाकडाच्या आत असते, म्हणून घासून पूर्ण जात नाही. ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणाने ते निघते, परंतु हे आम्ल विषारी असल्यामुळे हातमोजे घालून, मुलांना दूर ठेवून आणि नंतर पाण्याने अनेकदा पुसून हे काम करावे. शक्यतो पॉलिशवाल्याकडूनच करून घ्यावे.

कुकर किंवा चहाचे पातेले ठेवल्याने पडलेले पांढरे वर्तुळ सर्वांत भीतिदायक दिसते आणि सर्वांत सोपे असते. बहुधा ओल पॉलिशच्या थरातच अडकलेली असते. कोरडे सुती फडके टाकून त्यावरून कोमट इस्त्री काही क्षण फिरवली की ते बऱ्याचदा नाहीसे होते.

टॉपमधील चिरांबद्दल माझी स्वतःची चूक सांगतो. मे महिन्यात दोन फळ्यांमध्ये पडलेली फट मी कडक लांबी (पुट्टी) भरून बंद केली. ऑगस्टमध्ये लाकूड फुगले, लांबी दबायला तयार नव्हती, आणि शेजारचा चांगला सांधा उघडला. उन्हाळ्यातील फट पावसाळा संपेपर्यंत तशीच राहू द्यावी. दसऱ्यानंतरही ती दिसत असेल तरच भरावी.

पॉलिश कोणते करावे?

आधी आहे ते कोणते, हे ओळखावे. खालच्या बाजूला स्पिरिटचा एक थेंब टाकून मिनिटभराने बोट लावावे. चिकट झाले तर ते चपडी लाखेचे जुने पॉलिश आहे. ते दिसायला अतिशय सुंदर असते, परंतु उष्णता आणि ओल यांपुढे टिकत नाही. रोज गरम आमटीची वाटी सांडणाऱ्या घरात पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मेलामाईनचा थर अधिक सोयीचा, फक्त त्यावर खोल ओरखडा पडला तर तेवढ्यापुरती दुरुस्ती नीट होत नाही. जवसाचे तेल आणि वरून मेण हा मार्ग मला सर्वांत आवडतो. संरक्षण कमी मिळते, पण वर्षातून एकदा रविवारी घरच्या घरी पुन्हा हात देता येतो. तेलाने भिजलेली फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्यांना मोकळे पसरून वाळवावे किंवा पाण्यात बुडवून ठेवावे.

रंग दिलेले जुने टेबल लहान मुलांच्या घरात चालेल का?

येथे मी कठोर आहे. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित करणारा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते, आणि असा रंग कोरडा घासला की त्याची धूळ मुलांच्या हातांतून पोटात जाते. रंगाचे पापुद्रे निघत असतील तर टेबल घेऊच नये. फारच आवडले असेल, तर रंग रसायनाने ओला करून घराबाहेर उतरवून घ्यावा.

वरून काच किंवा प्लास्टिक टाकावे का?

काच टाकायची असल्यास खाली रबरी बटणे ठेवावीत, म्हणजे ओल अडकणार नाही. प्लास्टिकचे पारदर्शक कापड महिनोन्‌महिने ठेवले तर काही पॉलिशना ते चिकटते आणि ओढताना थर घेऊनच वर येते.

योग्य किंमत कशी ठरवावी?

लाकडाचा हिशेब स्वतः करावा. पाच फूट बाय तीन फूट, एक इंच जाडीचा टॉप म्हणजे सव्वा घनफूट लाकूड. तीन इंच चौरस आणि अडीच फूट उंचीचे चार पाय मिळून सुमारे ०.६ घनफूट, आणि चार इंची आडव्या पट्ट्यांचे साधारण ०.४ घनफूट. एकूण सव्वादोन घनफुटांच्या आसपास. वखारीत त्याच जातीच्या लाकडाचा त्या दिवसाचा घनफुटाचा भाव विचारून गुणाकार केला की नुसत्या लाकडाची किंमत हाती येते. मागितलेली रक्कम तिच्या जवळपास असेल आणि सांधे शाबूत असतील, तर घडणावळ आपल्याला जवळजवळ फुकट मिळते आहे. ती त्याहून बरीच जास्त असेल, तर तेवढ्यात नवे टेबल करून मिळेल का, हे सुताराला विचारावे.

याच हिशेबाने वजनही पडताळता येते. एक घनफूट वाळलेला साग साधारण १८ किलो भरतो, म्हणजे वरील टेबल ४० किलोंच्या आसपास असायला हवे. एका माणसाने ते सहज उचलले, तर आत साग नाही.

घरी आणल्यावर लगेच पॉलिश करावे का?

नाही. टेबल ठरलेल्या जागी, परंतु थेट उन्हापासून आणि पंख्याच्या सरळ झोतापासून दूर, दोन-तीन आठवडे तसेच वापरावे. तेवढ्या दिवसांत ते नव्या घरातील हवेला सरावते, कोणता सांधा बोलतो ते ऐकू येते, आणि पायांखाली फेल्टचे तुकडे कोठे व किती जाड लावायचे हेही कळते. मग सुताराला बोलवावे.